लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांना मराठी नाव कसं द्यावं

टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, वेलोसिरॅप्टर ही नावं आपल्याकडच्या सात-आठ वर्षांच्या मुलांना तोंडपाठ असतात. त्याच मुलांना चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत सापडलेला डायनासोर विचारा, क्वचितच कुणी सांगेल. त्याचं नाव इसिसॉरस. गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात सापडलेल्या आणखी जुन्या, अवाढव्य प्राण्याचं नाव बारापासॉरस. मुंबईत वरळीच्या दगडात एक चिमुकला बेडूक निघाला, तो इंडोबॅट्राकस. हे सगळे आपल्या पायाखालच्या जमिनीतले, पण गोष्ट सांगताना आजीच्या तोंडी सहज बसेल असं नाव यांच्यापैकी एकालाही नाही.

अशी नावं आपण घडवू शकतो आणि घडवायला हवीत. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांना आंतरराष्ट्रीय नियमांची चौकट आहे, बोलीतल्या नावांना तशी कुणाची परवानगी लागत नाही. याचा नमुनाही आपल्यासमोर आहे. ब्लू मॉरमॉन हे २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं आणि आज ते ‘नीलवंत’ या नावाने ओळखलं जातं. राज्य जैवविविधता मंडळाने पुढे इतर फुलपाखरांसाठीही मराठी नावं दिली. पुस्तक लिहिणाऱ्यांनी, शाळेत प्रदर्शन मांडणाऱ्यांनी, संग्रहालयातल्या पाट्या करणाऱ्यांनी नामशेष प्राण्यांसाठी हेच काम हाती घेतलं, तर ते कसं करावं याची ही पद्धत.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. नीलगाय ही गाय नाही, पाणघोडा घोडा नाही, देवमासा मासा नाही आणि खवल्या मांजर तर मांजराच्या जवळपासही जात नाही. तरी या नावांनी कुणाचं काही बिघडलेलं नाही. प्राणी जिवंत आहे, दिसतो, आणि नावातली चूक स्वतःच दुरुस्त करतो. नामशेष प्राण्याला ही सोय नाही. वाचकाला त्याचं जे काही दर्शन घडतं त्यातलं अर्धं नावातूनच घडतं. म्हणून जिवंत प्राण्याच्या नावात जी मोकळीक चालते, ती इथे घेता येत नाही.

पहिली पायरी: नाव खरंच हवं आहे का?

‘मॅमथ’ मराठीत रुळला आहे, ‘डायनासोर’ही रुळला आहे. त्यांच्या जागी ‘भीमसरट’ वगैरे संस्कृत वळणाचे शब्द आणून काही हाती लागत नाही. जे नाव लोक वापरतात ते वापरू द्यावं.

काही शास्त्रीय नावं मुळातच आपल्या जिभेवरची असतात. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या प्रचंड सापाला २०२४ साली ‘वासुकी इंडिकस’ असं नाव मिळालं. त्याच्या मणक्यांवरून लांबी साधारण ११ ते १५ मीटर धरली जाते आणि काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. याला वेगळं मराठी नाव कशाला शोधायचं? ‘कच्छचा वासुकी’ म्हटलं की झालं. एके काळी भारतात शहामृग होते. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे त्यांच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा मिळाला आहे. त्यांनाही शहामृगच म्हणावं.

दुसरी पायरी: प्राणी पक्का आहे ना, ते पाहा

जुन्या काळी एखाददुसऱ्या मणक्यावरूनही नवा प्राणी जाहीर व्हायचा. जबलपूरजवळ सापडलेल्या हाडांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ साली ‘टायटनोसॉरस इंडिकस’ असं नाव दिलं. पण त्या हाडांत वेगळेपणाची खूण म्हणावी असं पुरेसं काही नाही, म्हणून आज बरेच अभ्यासक ते नाव संशयास्पद मानतात. अशा प्राण्याला मराठी नाव देऊ नये. मेहनत वाया जाते आणि अस्तित्वातच नसलेला प्राणी वाचकाच्या डोक्यात घर करतो.

प्रजातीला नाव द्यायचं की जातीला, हेही इथेच ठरवा. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजाती सांगतो, दुसरा जाती. नामशेष प्राण्यांत बहुतेक वेळा एका प्रजातीत एकच जाती माहीत असते, त्यामुळे मूळ मराठी नाव प्रजातीला द्यावं आणि जातीसाठी पुढे गावाचं किंवा नदीचं नाव लावावं. उद्या दुसरी जाती सापडली तर मूळ नाव तसंच राहतं, फक्त नदी बदलते.

तिसरी पायरी: हाडं वाचा

ही पायरी सर्वांत मोठी, आणि घाई करणारे लोक नेमकी हीच गाळतात. चित्र बघून नाव देऊ नका. चित्रातला रंग, कातडी, डोळ्यांतला राग हे सगळं चित्रकाराचं असतं. प्राण्याचं मूळ वर्णन ज्या शोधनिबंधात आलं तो मिळवा आणि त्यातला वेगळेपणाच्या खुणा सांगणारा भाग वाचा. हा प्राणी त्याच्या भाऊबंदांपासून कशामुळे वेगळा ओळखायचा, ते तिथे दोन-चार वाक्यांत दिलेलं असतं. नावाचं बीज तिथेच मिळतं.

राजासॉरसचं उदाहरण घेऊ. गुजरातमधल्या रहियोलीला मिळालेल्या हाडांवरून २००३ साली त्याचं वर्णन झालं, पूर्ण नाव ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. दोन पायांवर चालणारा मांसाहारी. त्याची ठळक खूण कपाळावर आहे: नाकाची आणि कपाळाची हाडं मिळून झालेलं एकच बुटकं, गोलसर शिंग. पहिल्या झटक्यात ‘शिंग्या’ सुचतं. पण शिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बैलाचं टोकदार शिंग येतं, आणि याच्या कपाळावर तसं काही नव्हतं. डोकं आपटल्यावर कपाळावर येतं ते टेंगूळ मात्र अगदी चपखल बसतं. म्हणून मी याला ‘टेंगळ्या’ म्हणतो आणि पूर्ण नाव ‘नर्मदेचा टेंगळ्या’. ऐकणाऱ्याला कपाळ आठवतं, आकार कळतो आणि नदीही लक्षात राहते.

इसिसॉरसची हाडं डोंगरगावला सापडली. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘इसि’ म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, इंग्रजी आद्याक्षरांत. संस्थेचा मान राखला गेला हे योग्यच, पण त्यातून प्राणी काही दिसत नाही. वर्णन वाचलं तर दिसतं की लांब मानेच्या त्या शाकाहारी घराण्यात याचे पुढचे पाय लांब होते आणि खांद्याकडची बाजू उंच होती. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. त्यावरून ‘चांद्याचा उंचखांद्या’ हे नाव आपोआप जुळतं, आणि यमक साधल्यामुळे ते मुलांच्या लक्षातही चटकन राहतं.

चौथी पायरी: मराठीची स्वतःची रीत वापरा

आपल्या लोकांनी पक्ष्यांना आणि जनावरांना नावं दिली ती काही ठरावीक वाटांनी. अंगाच्या खुणेवरून चष्मेवाला, रंगावरून हळद्या आणि काळवीट, आवाजावरून टिटवी, सवयीवरून शिंपी आणि सुतार, राहण्याच्या जागेवरून माळढोक आणि पाणकोंबडी. नामशेष प्राण्यांसाठी यांतल्या कोणत्या वाटा उघड्या आहेत?

अंगाची खूण सर्वांत भरवशाची, कारण हाड हातात असतं. जागाही चालते, मात्र तिचा अर्थ ‘इथे सापडला’ एवढाच धरावा. तो प्राणी इतरत्रही फिरत असेल. शिवाय एकाच गावातून दोन प्राणी निघतात. रहियोलीतूनच २०१० साली राहिओलीसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनासोरचं वर्णन झालं. म्हणून गावाचं नाव विशेषण म्हणून वापरावं, एकट्या गावावर प्राणी उभा करू नये.

आवाजाची वाट बंदच आहे. रंगाचीही जवळजवळ बंद, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण मराठी नावांचा जीव रंगात आहे. मात्र काही प्राण्यांच्या पिसांच्या ठशांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण टिकून राहिलेले आढळले. चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, असं २०१० साली त्या कणांवरून दाखवण्यात आलं. तिथे ‘पट्टेशेपट्या’ बिनधास्त म्हणावं. जिथे असा पुरावा नाही, तिथे काळा, तांबडा, निळा हे शब्द मनातसुद्धा आणू नका.

सवयीची वाट सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक. १९२४ साली मंगोलियातल्या एका डायनासोरला ‘ओव्हिरॅप्टर’ म्हणजे अंडीचोर असं नाव पडलं, कारण त्याचा सांगाडा दुसऱ्या प्राण्याच्या समजल्या गेलेल्या अंड्यांच्या घरट्यावर सापडला होता. हे नाव दिशाभूल करणारं ठरू शकतं, असं नाव देणाऱ्या हेन्री ऑस्बॉर्न यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं होतं. १९९० च्या दशकात तशाच एका अंड्यात भ्रूण मिळाला आणि तो ओव्हिरॅप्टरच्याच घराण्यातला निघाला. त्या घराण्यातले प्राणी आपापल्या अंड्यांवर बसलेल्या स्थितीतही सापडले. चोर ठरवलेला प्राणी बहुधा आईबापाच्या भूमिकेत होता. पण शास्त्रीय नाव बदलत नसतं, त्यामुळे त्याच्या कपाळी चोरीचा शिक्का कायमचा बसला. आपण मराठी नाव देताना हा अन्याय पुन्हा करायचं कारण नाही.

याच्या शेजारी गुजरातच्या धोली डुंगरीचा साप ठेवून पाहा. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना तिथे डायनासोरचं घरटं मिळालं. त्यातली काही हाडं पिल्लाची नसून सापाची आहेत, हे पुढे अनेक वर्षांनी ध्यानात आलं. २०१० साली त्याचं वर्णन ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने प्रसिद्ध झालं. साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती घातलेलं वेटोळं आणि शेजारी लांबमान्या डायनासोरचं नुकतं जन्मलेलं पिल्लू. तो पिल्लं गिळत असावा हा तर्क चांगला आहे, अभ्यासकांनीच मांडलेला आहे. तरीही ‘पिल्लेखाऊ’ हे नाव तर्कावर उभं आहे आणि ‘घरट्यातला वेटोळ्या’ हे डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर. मी दुसरं निवडेन. उद्या तर्क बदलला तरी वेटोळं तिथेच राहणार आहे.

पाचवी पायरी: नात्याचा शब्द जपून लावा

वाघ, सरडा, मासा, हत्ती असा ओळखीचा प्राणी नावात आला की वाचकाला आधार मिळतो, आणि चुकीचा आला की गोंधळ कायमचा होतो. अमेरिकेत सापडलेल्या हाडांना १८३४ साली ‘बॅसिलोसॉरस’ म्हणजे सरड्यांचा राजा असं नाव पडलं. ती हाडं पुरातन देवमाशाची, म्हणजे सस्तन प्राण्याची निघाली, पण शास्त्रीय नाव आजतागायत सरड्याचंच आहे. आयर्लंडचा एल्क (एल्क म्हणजे थंड प्रदेशातलं एक मोठं हरीण) म्हणून ओळखला जाणारा प्राणी एल्क नव्हता, आणि तो फक्त आयर्लंडमध्येच राहत होता असंही नाही.

नियम सोपा आहे. प्राण्याचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोण ते शोधा. तो मराठी माणसाच्या ओळखीचा असेल तर त्याचं नाव वापरा, नसेल तर नात्याचा शब्दच वगळा. डायनासोरला सरडा किंवा पाल म्हणू नये, कारण त्यांचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी आहेत. स्मायलोडॉनला सर्रास ‘सुळेवाला वाघ’ म्हणतात. तो मार्जार कुळातला खरा, पण वाघाच्या शाखेतला नाही. त्याचे वरचे सुळे चपटे, बाकदार, अगदी कट्यारीच्या पात्यासारखे. ‘कट्यारदात्या’ म्हणा, वाघाची गरजच उरत नाही.

नातं बरोबर असेल तिथे मात्र ते हक्काने सांगावं. शिवालिकच्या टेकड्यांतला सिवाथेरियम १८३६ साली फाल्कनर आणि कॉटली यांनी जगासमोर आणला. तो जिराफाच्या कुळातला, पण मान आखूड, अंग दणकट आणि डोक्यावर सुपासारख्या रुंद, चपट्या शिंगांची जोडी. ‘सुपशिंग्या जिराफ’ या दोन शब्दांत त्याचं रूपही आलं आणि नातंही. नर्मदेच्या आणि गोदावरीच्या गाळात ज्याचे अवशेष सापडतात तो नामशेष हत्ती तर हत्तीच होता. त्याचे सुळे आजच्या हत्तीपेक्षा सरळ होते, म्हणून तो ‘सरळसुळ्या हत्ती’.

सहावी पायरी: शब्द जोडा आणि चालवून पाहा

‘-या’ हा आपला हुकमी प्रत्यय. खंड्या, हळद्या, खवल्या यांत तोच आहे. चिनी भाषेत डायनासोरच्या जवळजवळ प्रत्येक नावाला शेवटी ‘लोंग’ म्हणजे ड्रॅगन जोडतात, त्यामुळे नाव ऐकताच गट कळतो. तसा एकच शेवट मराठीत सक्तीने लावावा असं मला वाटत नाही. ‘-या’ने प्राणी जवळचा होतो आणि गटासाठी वेगळं नाव करता येतं. लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचा अख्खा गट ‘लांबमाने’, त्यातला एकटा तो ‘लांबमान्या’. चिलखतासारखी पाठ असलेले ‘चिलखते’.

प्रत्यय लावताना मूळ शब्द बदलतो, तिकडे लक्ष ठेवा. टेंगूळचा टेंगळ्या होतो, ‘टेंगूळ्या’ नाही. फुलपाखरू लिहिताना फूलचा ऊकार ऱ्हस्व होतो, तसा सूपचाही करावा. मग विभक्ती लावून पाहा: टेंगळ्याने, टेंगळ्याला, टेंगळ्याचे दात. अडखळायला झालं नाही म्हणजे नाव मराठीत बसलं.

दुसरा अर्थ डोकावतो का, तेही तपासा. बारापासॉरसच्या नावातच बंगालीसारख्या भाषांतले ‘बारा’ (मोठा) आणि ‘पा’, म्हणजे मोठा पाय आहे. त्याचं मांडीचं हाडच सुमारे १.७ मीटर लांब. १९७५ साली नाव देताना जातीच्या जागी रवींद्रनाथ टागोरांचं स्मरण केलं, म्हणून ‘टागोरी’. याला ‘थोरपाया’ म्हणावंसं वाटतं. पण मोठ्याने म्हणा आणि ऐका, घराचा पाया आठवतो. ‘ढांग’ घेतली की अडचण सुटते. ‘गोदावरीचा ढांग्या’ म्हटलं की एकेक ढांग टाकत नदीकाठाने चाललेलं ते धूड दिसतं. कोलकात्याला सांख्यिकी संस्थेत त्याचा उभा केलेला सांगाडा आहे. तो पाहिलेल्या कुणालाही हे नाव पटेल.

‘-या’चा एक धोका सांगायलाच हवा. याच प्रत्ययाने आपण माणसांना लंगड्या, चकण्या, बुटक्या म्हणून हिणवतो. जे नाव वर्गातल्या एखाद्या मुलाला चिडवायला वापरता येईल, ते प्राण्याला देऊ नये. सुतार, शिंपी, धोबी ही पक्ष्यांची नावं जुनी आहेत, रुळलेली आहेत, पण नवीन नाव घडवताना माणसांच्या जातिव्यवसायांना हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

लिंगाचाही विचार करा. सगळेच प्राणी ‘तो’ कशाला? वरळीच्या इंडोबॅट्राकसचं पहिलं वर्णन १८४७ साली झालं, तेव्हाच त्याच्या नावात ‘इवलासा’ या अर्थाचा लॅटिन शब्द होता. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनचा काळा कातळ ज्यांतून झाला त्या लाव्हांच्या दरम्यान साचलेल्या गाळात तो दगड झाला. मराठीत लहान बेडकाला बेडकीच म्हणतात. तेव्हा ही ‘वरळीची बेडकी’. मुंबईच्या शाळांतून हे नाव ऐकू यावं अशी माझी फार इच्छा आहे.

सातवी पायरी: लोकांच्या तोंडी द्या

नाव कागदावर ठरवून थांबू नका. ते एखाद्या गोष्टीत घाला आणि मुलांना वाचून दाखवा. नंतर चित्र न दाखवता विचारा, हा कसा दिसत असेल? टेंगळ्या ऐकून मुलांनी कपाळावर उंचवटा काढला तर नाव पास. पाठीवर काढला तर नावात अंगाचा तो भाग यायला हवा. शेतात राबणाऱ्या, गुरं राखणाऱ्या माणसांनाही ऐकवा. शिंग, खूर, खांदा, वशिंड यांच्या आकारांसाठी त्यांच्याकडे जे शब्द असतात, ते शहरातल्या शब्दकोशात सापडत नाहीत.

मग नोंद करा. प्रत्येक नावासाठी एक ओळ: मराठी नाव, देवनागरीतलं शास्त्रीय नाव, सापडल्याचं ठिकाण, काळ, आणि नाव ज्या हाडावर बेतलं ते हाड. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. तो भरता येत नसेल तर नाव अजून तयार झालेलं नाही.

लिहिताना पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं द्या: ‘नर्मदेचा टेंगळ्या, म्हणजे राजासॉरस नर्मदेन्सिस’. पुढे फक्त टेंगळ्या. जिज्ञासू मुलाला अधिक शोधायचं असेल तर शास्त्रीय नावाची वाट उघडी राहिली पाहिजे. एका प्राण्याला कुणी आधीच नाव दिलं असेल आणि ते हाडाशी प्रामाणिक असेल, तर आपलं बाजूला ठेवून तेच वापरा. दोन नावं भांडत राहिली तर दोन्ही मागे पडतात.

आणि नवं हाड सापडून जुना समज मोडला, तर मराठी नाव बदला. शास्त्रीय नावाला ही मोकळीक नाही, आपल्या नावाला आहे. पुढच्या आवृत्तीत नवं नाव द्या, जुनं शेजारी नोंदवून ठेवा आणि कोणत्या हाडामुळे ते बदललं, तेही लिहा.